अ‍ॅम्प्लिफायरचा हम जात नाही? झाकण उघडण्याआधी हे तपासा

अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की गाणं लागायच्या आधीच स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ सुरू होतं. गाणं लागलं की ते दबतं, आलाप थांबला की पुन्हा वर येतं. माझ्याकडे सर्वात जास्त वेळा आलेला दोष हाच. बहुतेक लोक मेन कंडेन्सर (पॉवर सप्लायमधली लहर सपाट करणारा मोठा कंडेन्सर) एकदा बदलून झाल्यावरच येतात आणि हम जिथल्या तिथे असतो, कारण बऱ्याचदा तो अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीत नसतोच. तो येतो सेट टॉप बॉक्सच्या केबलमधून, ढिल्या पिनमधून किंवा घराच्या अर्थिंगमधून. म्हणून खाली दिलेल्या क्रमानेच तपासा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

आधी नीट ऐका

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते कागदावर लिहून ठेवा. पुढचा अर्धा शोध तिथेच संपतो.

- आवाज स्पीकरमधून येतो की अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीतूनच? कान जवळ नेऊन बघा.
- व्हॉल्यूम वाढवला की हम वाढतो, की शून्यावरही तेवढाच राहतो?
- दोन्ही बाजूंना आहे की एकाच?
- इनपुट बदललं (टीव्हीवरून ब्लूटूथवर, ब्लूटूथवरून ऑक्सवर) की फरक पडतो का?
- अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या भागाला किंवा व्हॉल्यूमच्या खुंटीला हात लावला की कमी-जास्त होतो का?
- चालू केल्या केल्या असतो, की अर्ध्या तासाने तापल्यावर येतो?
- गोल, खर्जातला ‘हूंऽऽ’ आहे, की माशी अडकल्यासारखा कर्कश ‘झर्रर्र’?

शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. हार्मोनियम वाजवणाऱ्याला सांगायचं तर ५० हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचच्या जवळचा, पण अगदी खालचा सूर. वीज ब्रिज रेक्टिफायरमधून (एसीची डीसी करणाऱ्या चार डायोडमधून) गेली की सेकंदातल्या लहरी दुप्पट होतात, म्हणजे १०० हर्ट्झ. तोच सूर, एक सप्तक वर. हम ५० हर्ट्झचा असेल तर तो बहुधा बाहेरून शिरलेला असतो: वायरमधून, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा अर्थच्या फेऱ्यातून. १०० हर्ट्झचा असेल तर संशय पॉवर सप्लायवर. कर्कश झरझर असेल तर डिमर, इन्व्हर्टर, स्वस्त चार्जर यांच्याकडे बघायचं. कानाला फरक कळत नसेल तर मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या आणि टोक ५० वर दिसतंय की १०० वर ते पाहा. छोट्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ धड निघतच नाही, त्यामुळे शक्यतो मोठ्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर ऐका. अमेरिकेतल्या मंडळींसाठी हे आकडे ६० आणि १२०. तिथला हम काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी वाजतो.

पेटीच गुणगुणत असेल तर

स्पीकर शांत आणि पेटीच घुमते आहे, तर ते ट्रान्सफॉर्मरचं यांत्रिक थरथरणं. थोडंफार सगळेच ट्रान्सफॉर्मर करतात. अचानक वाढलं असेल तर घरात कोणी हेअर ड्रायर ‘लो’वर चालवतंय का बघा. बऱ्याच ड्रायरमध्ये ‘लो’साठी फक्त एक डायोड टाकलेला असतो; तो विजेची एकच बाजू वापरतो आणि लाइनवर थोडासा डीसी येतो. गोल, म्हणजे टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरला हे अजिबात चालत नाही, तो लगेच घुमायला लागतो. ड्रायर बंद, आवाज बंद.

ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट ढिला असेल तर कसता येतो, पण आधी प्लग काढून. आणि टोरॉइडलच्या मधल्या बोल्टचं वरचं टोक पेटीच्या झाकणाला टेकू देऊ नका. खालून चासी (पेटीचा धातूचा सांगाडा), वरून झाकण आणि मधून बोल्ट असा वायरचा एक पूर्ण वेढाच तयार होतो, ट्रान्सफॉर्मर शॉर्ट झाल्यासारखा तापतो आणि फ्यूज उडतो.

व्हॉल्यूम शून्यावर आणा

ही दहा सेकंदांची तपासणी मला सगळ्यात प्यारी. व्हॉल्यूम शून्यावर आणला की कंट्रोलच्या आधीचं सगळं कापलं जातं: इनपुट, लीड (जोडणीच्या वायरी), टीव्ही, प्रीअ‍ॅम्प. हम गेला तर दोष त्या बाजूला. शून्यावरही तेवढाच राहिला तर दोष कंट्रोलच्या पुढे, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये, आउटपुट स्टेजमध्ये किंवा आतल्या ग्राउंडच्या वायरिंगमध्ये. मेन कंडेन्सरचं नाव घ्यायचं ते इथे, त्याआधी नाही.

व्हॉल्यूम मध्यावर असताना हम जास्त आणि दोन्ही टोकांना कमी असेल, तर व्हॉल्यूम कंट्रोलच्या धातूच्या बॉडीला ग्राउंडची वायर आहे का बघावं लागेल. खुंटीला हात लावल्यावर हम जात असेल तर जवळपास खात्रीच.

मागच्या सगळ्या लीड काढा

अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, स्पीकर सोडून मागचं सगळं काढा, मग चालू करा. शांत झाला? मग एकेक लीड लावत जा, प्रत्येक वेळी बंद करून. ज्या लीडला हम परत आला ती गुन्हेगाराची वाट.

एक सावधगिरी: काहीही न जोडलेलं इनपुट व्हॉल्यूम पूर्ण वाढवल्यावर थोडं घूं करणारच, विशेषतः टर्नटेबलचं (रेकॉर्ड प्लेअरचं). तो दोष नव्हे. नीट तपासायचं असेल तर एक डमी पिन करा. साध्या आरसीए पिनमध्ये (ऑडिओ लीडच्या टोकाला असते ती) मधली पिन आणि बाहेरची कडी वायरच्या तुकड्याने जोडायची आणि ती इनपुटमध्ये खोचायची. तरीही घूं आलं तर दोष आतला.

बहुतेक घरांत गुन्हेगार निघतो तो सेट टॉप बॉक्स. बॉक्स चालूच ठेवा आणि मागची गोल कोअ‍ॅक्सियल केबल फिरवून काढा. चित्र जाईल, पण त्याच क्षणी हमही गेला तर निदान झालं. होतं असं: अ‍ॅम्प्लिफायर तीन पिनच्या प्लगमधून घराच्या अर्थला जोडलेला. केबलची बाहेरची जाळी शेजारच्या इमारतीवरच्या उपकरणापर्यंत किंवा गच्चीतल्या डिशच्या लोखंडी दांड्यापर्यंत गेलेली, म्हणजे तिचा अर्थ वेगळा. दोन्ही अर्थ तंतोतंत सारख्या व्होल्टेजला कधीच नसतात. फरक अर्ध्या व्होल्टचा असला तरी तुमच्या ऑडिओ लीडच्या जाळीतून ५० हर्ट्झचा करंट वाहायला लागतो आणि जाळीवर काही मिलिव्होल्ट पडतात. गाण्याचा सिग्नलच दोन-तीनशे मिलिव्होल्टचा असतो, त्यामुळे हे काही मिलिव्होल्ट शांततेत स्पष्ट ऐकू येतात. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

उपाय स्वस्त ते महाग या क्रमाने: टीव्ही, बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर ऑडिओ लीडच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल पुढे जातो, धातूचा संबंध तुटतो. काही शे रुपयांत मिळतो. अगदी स्वस्तातला घेतला तर खर्ज थोडा पातळ होतो, हे आधीच सांगून ठेवतो. टीव्हीला आणि अ‍ॅम्प्लिफायरला दोघांनाही ऑप्टिकल जॅक असेल तर तो सरळ वापरा. त्या वायरमधून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे त्या वाटेने लूप होऊच शकत नाही.

लॅपटॉपचंही असंच. चार्जर काढा आणि बॅटरीवर गाणं लावा. हम गेला तर चार्जर कारणीभूत. चार्ज होताना लॅपटॉपच्या धातूच्या पृष्ठभागावर बोट हलकेच फिरवलं की झिणझिण्या जाणवतात, ती चार्जरमधल्या छोट्या कंडेन्सरमधून येणारी किंचितशी गळतीच असते. डेस्कटॉप जोडला असेल आणि माउस हलवला की स्पीकरमध्ये किर्रर्र येत असेल, तर तोही ग्राउंड लूपच. फक्त त्यावर कॉम्प्युटरच्या आतला गोंगाट स्वार झालेला असतो.

आता सर्वात महत्त्वाचं. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन कापू नका, काढू नका, दोन पिनच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये खोचून ती निकामी करू नका. हा सल्ला दुकानातही मिळतो आणि हम खरंच जातो, म्हणूनच तो इतका पसरलाय. ट्रान्सफॉर्मरचं इन्शुलेशन खराब झालं आणि फेज चासीला आला, तर अर्थ असताना फ्यूज उडतो किंवा आरसीसीबी (वीज अर्थकडे गळली की लाइन तोडणारा स्विच) पडतो. अर्थ नसताना पेटीला २३० व्होल्ट येऊन बसतात आणि ती तशीच गाणं वाजवत राहते. लीडची बाहेरची कडी, टीव्हीची चासी, सगळंच मग जिवंत. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून व्हॉल्यूम वाढवणाऱ्याचा विचार करा.

लीड आणि पिना

हम एकाच बाजूला असेल तर डावी-उजवी लीड अदलाबदल करा. हमने बाजू बदलली तर दोष लीडमध्ये किंवा तिच्या मागच्या उपकरणात. नाही बदलली तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. आरसीए पिनची बाहेरची कडी सैल झालेली असते, त्यामुळे मधली पिन टेकते पण ग्राउंड तुटतो आणि जोरदार ‘भूंऽऽ’ येतं. प्लग काढून कडीच्या पाकळ्या पक्कडीने किंचित आत दाबा. पिनपाशी वायर हलवल्यावर आवाज तुटत असेल तर जाळी आत तुटली आहे. लीड फेकून द्या. नवीन साधी, चांगली शिल्डेड लीड पुरते. हजारो रुपयांच्या लीडने ग्राउंड लूप जात नाही, पॉवर कंडिशनरनेही नाही.

ऑडिओ लीड आणि विजेच्या वायरी एकाच जुडग्यात बांधलेल्या असतील तर सोडवा. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या.

टर्नटेबलवाल्यांनी इथे जास्त वेळ द्यावा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या नेहमीच्या कार्ट्रिजमधून) जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात आणि फोनो स्टेज, म्हणजे टर्नटेबलसाठीचं खास सर्किट, ते साधारण शंभरपट करतो. शिवाय रेकॉर्ड कापताना कमी केलेला खर्ज भरून काढायला फोनो स्टेज ५० हर्ट्झला आणखी सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट उचल देतो. आपल्या विजेचा सूर नेमका तिथेच. म्हणून टर्नटेबलची ती बारीक हिरवी किंवा काळी ग्राउंडची वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला घट्ट लावलेली हवी. टोनआर्म रेकॉर्डच्या आतल्या बाजूला जाताना हम वाढत गेला, तर टर्नटेबल अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरजवळ ठेवलंय. फूट-दोन फूट लांब न्या.

घराची वीज

रात्री सगळे झोपल्यावर हम कमी होतो का? मग पंख्याचा जुना रेग्युलेटर, दिव्याचा डिमर, स्वस्त एलईडी एकेक बंद करून बघा. लाइट गेल्यावर, इन्व्हर्टरवर असतानाच झरझर येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीवर पैसे घालवू नका. साइन वेव्ह इन्व्हर्टर हाच उपाय.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेटला तीन भोकं असतात आणि वरच्या भोकामागे वायरच नसते. पिन अर्थची, अर्थ मात्र कुठेच नाही. हे वायरमनकडूनच तपासून घ्या. डिजिटल मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांमध्ये २३० दिसले म्हणून अर्थ चांगला ठरत नाही; मीटर इतका कमी करंट ओढतो की सडलेल्या अर्थवरही तो आकडा दाखवेल. वायरमन त्या जागी बल्ब लावून बघतो. आरसीसीबी असेल तर तो बल्ब लावताच पडेल, आणि तीच अर्थ असल्याची खूण. न्यूट्रल आणि अर्थ यांमधला व्होल्टेज दोन-तीनपेक्षा वर असेल तर वायरिंगमध्ये काम आहे.

दर एप्रिल-मेमध्ये येणारा आणि पावसाळ्यात आपोआप जाणारा हम मी कोकणात बऱ्याच घरांत पाहिलाय. जांभ्यात पाणी टिकत नाही, अर्थचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी ओतल्यावर फरक पडला तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष.

अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प्लिफायर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवत असाल तर तो ट्रान्सफॉर्मर लांब, जमिनीवर ठेवा. रॅकमध्ये अ‍ॅम्प्लिफायरच्या खालच्याच फळीवर ठेवला तर हम येणारच.

झाकण उघडायचं असेल तर

सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर हातात बसलेले असतील तरच पुढे. अ‍ॅम्प्लिफायर वॉरंटीत असेल तर उघडूच नका.

प्लग काढा. मेन कंडेन्सरवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघा. बंद केल्यावरही बराच वेळ राहतो. ४५ व्होल्टला चार्ज झालेल्या १०,००० मायक्रोफॅरडमध्ये सुमारे १० ज्यूल असतात, स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केला तर त्याचं टोक जळतं. २२० ओम, १० वॉटचा रेझिस्टर चांगल्या इन्शुलेटेड क्लिपांनी दहा-पंधरा सेकंद लावा, पुन्हा मोजा.

आधी डोळ्यांनी. ग्राउंडची वायर चासीला ज्या स्क्रूने बसवलीय तो ढिला किंवा गंजलेला आहे का? इनपुट जॅकच्या सोल्डरभोवती बारीक गोल तडा दिसतो का? नखाने हलवलं की कळतं. कंडेन्सरचा माथा फुगलाय का, खाली डाग आहे का? स्क्रू कसणं आणि ड्राय सोल्डर पुन्हा पक्कं करणं एवढ्यावरच पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायर परत गेलेत.

मग मेन कंडेन्सर. कारण असं: रिपल, म्हणजे कंडेन्सरवरच्या लहरीची तळापासून माथ्यापर्यंतची उंची, अंदाजे करंट भागिले (१०० × कंडेन्सर फॅरडमध्ये). गाणं न लावता ०.२ अ‍ॅम्पिअर ओढणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला ४७०० मायक्रोफॅरड असेल तर रिपल ०.४ व्होल्टच्या आसपास. तोच कंडेन्सर सुकून १००० वर आला तर २ व्होल्ट. मल्टिमीटर एसीवर ठेवून कंडेन्सरवर मोजा. दोन बाजूंच्या सप्लायमध्ये मोठा फरक दिसला तर जास्त रिपल असलेली बाजू आजारी. मीटर लहरीची ही पूर्ण उंची दाखवत नाही, त्यामुळे आकडा वरच्यापेक्षा बराच कमी येईल. नवा घालताना व्होल्टेज तेवढाच किंवा जास्त, १०५ अंश सेल्सिअसला टिकणारा, प्लस-मायनस दोनदा बघून. दुप्पट-तिप्पट मोठा घातला तर चालू करताना ब्रिजवर ताण येतो. बाजारात जुन्या कंडेन्सरवर नवी साल चढवलेलेही मिळतात; हातात फार हलका लागला तर घेऊ नका, आणि लावण्याआधी मोजा.

कंडेन्सर ठीक, पण रिपल १०० ऐवजी ५० हर्ट्झचा? ब्रिजमधला एक डायोड उघडा झालाय.

लोकल असेंबल केलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, मग आत एलए ४४४० किंवा एसटीके आयसी असो की २एन३०५५ ट्रान्झिस्टरची जोडी, वेगळाच दोष असतो: ग्राउंडची वायर चुकीच्या जागी. ब्रिजमधून कंडेन्सरकडे करंट सलग जात नाही, सेकंदाला शंभर झटक्यांनी जातो आणि प्रत्येक झटका काही अ‍ॅम्पिअरचा असतो. त्या वायरच्या तुकड्यावरच इनपुटचा ग्राउंड जोडलेला असेल तर झटक्यागणिक काही मिलिव्होल्ट सिग्नलमध्ये मिसळतात आणि पुढे तीसपट होतात. नवे कंडेन्सर घालून हा हम जात नाही, उलट कधी वाढतो. ट्रान्सफॉर्मरची मधली वायर आणि ब्रिजच्या वायरी थेट कंडेन्सरपर्यंत आणा. तिथून पुढे थोड्या अंतरावर एक बिंदू ठरवा आणि स्पीकरचा ग्राउंड, इनपुटचा ग्राउंड, चासी यांच्या वेगवेगळ्या वायरी तिथे आणा. इनपुट जॅक चासीपासून वॉशरने वेगळे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत तयार बोर्ड घेऊन पेटी जुळवणाऱ्यांनी एवढं एक पाळलं तरी पुरे. ट्रान्सफॉर्मर चौकोनी असेल तर न कसता ९० अंशांत फिरवून बघा. इनपुटच्या वायरींशी त्याचा कोन बदलला की हम बराच उतरतो.

काम झाल्यावर थेट लाइनला लावू नका. १०० वॉटचा पिवळा बल्ब (तारेचा, एलईडी नव्हे) सिरीजमध्ये घालून चालू करा. क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

- पेटीला किंवा लीडच्या कडीला हात लावल्यावर झटका बसला, किंवा आरसीसीबी पडला. प्लग काढून ठेवा. आधी वायरमन, मग मेकॅनिक.
- हम मोठा आहे आणि चालू करताच स्पीकरचा कोन बाहेर किंवा आत जाऊन तिथेच राहतो. स्पीकरवर डीसी आलाय. स्पीकर तात्काळ काढा, नाहीतर काही सेकंदांत कॉइल जळते. स्पीकर काढून टर्मिनलवर डीसी मोजला तर ५० मिलिव्होल्टपर्यंत चालतो, व्होल्टमध्ये आला तर घरी काही करू नका.
- फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो. जाड वायर किंवा चांदीचा कागद लावून चालवू नका.
- व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. आत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतात, बंद केल्यावरही टिकतात.
- साउंडबार किंवा स्विच मोड सप्लाय (मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी चार्जरसारखं सर्किट) असलेलं काहीही. मोठ्या कंडेन्सरवर थेट मेन्सचे सुमारे ३२५ व्होल्ट असतात.
- जळका वास.

मेकॅनिककडे नेताना ‘घूं येतंय’ एवढंच सांगू नका. व्हॉल्यूम शून्यावर राहतो की जातो, एका बाजूला की दोन्ही, सगळ्या लीड काढल्यावर काय होतं, तापल्यावर येतो का, हे वरच्या कागदावरून सांगा. त्याचा तासभर आणि तुमचे तेवढे पैसे वाचतात. बदललेले भाग परत मागा. ऐकून न घेताच ‘सगळे कंडेन्सर बदलू’ म्हणाला, तर पेटी उचला आणि दुसरा मेकॅनिक बघा.